नागपूरच्या वास्तू ओळखण्याचा छायाचित्र-खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाबद्दल ज्या शंका पुन्हा पुन्हा कळवल्या जातात, त्या येथे एकत्र केल्या आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने खेळू लागलेल्यांचे आहेत; पुढचे प्रश्न बहुतेक जुन्या खेळाडूंनी उत्तरांवरून वाद झाल्यावर विचारलेले आहेत.

१. हा खेळ नेमका काय आहे?

दर रविवारी सकाळी नागपुरातील एखाद्या इमारतीचे, स्मारकाचे, पुलाचे, वेशीचे किंवा तलावाकाठच्या बांधकामाचे एक छायाचित्र दिले जाते. त्यात बहुधा संपूर्ण वास्तू नसते. कमानीचा एक कोपरा, जिन्याचा कठडा, कोनशिलेवरची दोन-चार अक्षरे किंवा छपराची कड एवढेच दिसते. ही वास्तू कोणती, छायाचित्रात तिचा कोणता भाग आला आहे आणि ती कशावरून ओळखली, या तीन गोष्टी खेळणाऱ्याने शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायच्या असतात.

२. भाग घ्यायला नागपुरात राहणे आवश्यक आहे का? काही शुल्क आहे का?

दोन्हीचे उत्तर नाही असे आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेले अनेक जण नियमित खेळतात आणि जुन्या नावांच्या बाबतीत त्यांची मदतच होते. लहान मुलांनी मात्र घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने उत्तर कळवावे.

३. गुण कसे दिले जातात? सर्वांत आधी उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात का?

एका छायाचित्राला पाच गुण असतात : वास्तूच्या नावाला दोन, भाग ओळखण्याला एक आणि खुणेला दोन. आधी उत्तर दिल्याबद्दल वेगळे गुण नाहीत. घाईला बक्षीस दिले की अंदाजपंचे उत्तरे येऊ लागतात, आणि छायाचित्राकडे कोणी नीट पाहत नाही.

४. नाव बरोबर सांगितले तरी खूण का विचारता? नावात सगळे आलेच ना?

नाव पुष्कळदा आठवणीतून येते, पण खूण सांगायची तर वास्तूकडे पाहावेच लागते. शून्य मैलाच्या दगडावरून रोज जाणारे हजारो लोक आहेत, आणि घोड्याची मान दाखवली तर त्यातला कोणीही क्षणात ते ठिकाण सांगेल. तरीही तेथे घोडे किती आहेत, चौथरा किती कोनांचा आहे आणि त्यावर काय कोरले आहे, असे विचारले की बहुतेक जण थांबतात. तेथे चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले चार घोडे आहेत, त्यांच्या जोडीला वालुकाश्माचा उंच खांब आहे आणि लहान दगडाच्या षट्कोनी पायावर गावांची नावे व अंतरे मैलांत कोरलेली आहेत. सिवनी ७९ मैल आणि जबलपूर १७० मैल, हे आकडे तेथे उभे राहून वाचता येतात.

म्हणून ‘घोडा दिसतो, यावरून ओळखले’ या उत्तराला खुणेचा एकच गुण मिळतो. ‘घोड्याच्या खुरांजवळ गिलावा आहे, घडीव दगड नाही, आणि मागे वालुकाश्माच्या खांबाची कड दिसते’ या उत्तराला दोन्ही गुण मिळतात. या एका गुणाबद्दल आम्ही आग्रही आहोत, कारण ज्याने एकदा खूण शब्दांत मांडली तो पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाताना मान वर करून पाहतो. आपल्या शहरातल्या कितीतरी चांगल्या वास्तूंकडे केवळ कोणी पाहत नसल्यामुळे दुर्लक्ष झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. छायाचित्रात नुसती दगडी भिंत असली तर ती कशी ओळखायची?

नागपूरकरांना हे इतर शहरांपेक्षा सोपे जावे, कारण आपले शहर दगडांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण येथे जवळजवळ संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची आहे. उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म सापडतो, आणि भूशास्त्रात त्या थरांना कामठीचेच नाव दिलेले आहे. पूर्वेकडे गेल्यावर त्याहून कितीतरी प्राचीन असे ग्रॅनाइटच्या जातीचे खडक लागतात. त्यामुळे काळा आणि पिवळसर असे दोन्ही प्रकारचे दगड येथील बांधकामांत दिसतात.

पहिला अंदाज असा करावा. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे, चुन्याने भरलेले जाड सांधे आणि खाली झिजलेला उंबरठा दिसला, तर महाल, इतवारी किंवा तलावांच्या घाटांकडे वळावे. म्हणजे भोसलेकालीन बांधकामाचा विचार करावा. पिवळसर किंवा तांबूस वालुकाश्म, सरळ रेषेतले थर आणि नेमक्या मापाच्या खिडक्या दिसल्या, तर सिव्हिल लाइन्स, सदर आणि रेल्वे स्थानक यांचा विचार आधी करावा. स्थानकाच्या आजच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी तत्कालीन गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झाले, आणि तिचा दर्शनी भाग वालुकाश्माचाच आहे. हा अंदाज अखेरचा मात्र मानू नये. दुरुस्तीत जुन्या भिंतीला नवा दगड लागतो, आणि रंग दिलेल्या भिंतीत दगड कोणता हेच कळत नाही. अशा वेळी पावसाळ्यानंतर शेवाळ धरलेली जोत्याकडची बाजू पाहावी, कारण रंगाचा हात तेथपर्यंत क्वचितच पोचलेला असतो.

६. सावलीवरून काही कळते का?

पुष्कळ कळते, आणि खुणेच्या दोन गुणांसाठी सावलीचा दाखला आम्ही आनंदाने स्वीकारतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हे उलटते आणि दुपारी उत्तरेकडच्या भिंतीवर थोडे ऊन येते. घड्याळात बारा वाजतात तेव्हा येथे सूर्य माथ्यावर आलेला नसतो. प्रमाणवेळेची रेषा आपल्या पूर्वेला असल्यामुळे खरी मध्यान्ह साधारण सव्वाबाराच्या आसपास होते.

याचा उपयोग असा होतो. एखाद्या दर्शनी भागावर सकाळी ऊन आणि संध्याकाळी सावली असेल तर तो पूर्वाभिमुख आहे. रेल्वे स्थानकाला पश्चिमेचे आणि संत्रा मार्केटकडचे पूर्वेचे अशी दोन तोंडे आहेत. छायाचित्र सकाळचे आहे हे आसपासच्या रहदारीवरून कळत असेल आणि जुन्या दगडी दर्शनी भागावर सावली असेल, तर ते पश्चिमेच्या बाजूने काढलेले आहे असे खात्रीने म्हणता येते.

७. घुमट दिसला की मी ‘दीक्षाभूमी’ लिहितो आणि गुण जातात. फरक कसा ओळखायचा?

दीक्षाभूमीचा स्तूप अर्धगोलाकार असून तो आतून पोकळ आहे. आत मोठे सभागृह आहे, आणि बाहेर चार दिशांना सांचीच्या धर्तीची तोरणे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच जागी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूपाचा आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांचा आहे. काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. छायाचित्रात तोरणाच्या आडव्या पट्ट्या किंवा घुमटावरचे छत्र दिसले, तर शंका उरत नाही.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा घुमट याहून वेगळा आहे. तो वालुकाश्माच्या लांबच लांब इमारतीच्या मध्यावर आहे आणि त्याच्या खाली स्तंभांची रांग आहे. ही इमारत हेन्री मेड यांनी रेखाटली. दिल्लीतील कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आणि सेक्रेड हार्ट कॅथेड्रल ही दोन प्रसिद्ध चर्चही त्यांचीच. नागपूरच्या इमारतीचे उद्घाटन ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केले. थोडक्यात, घुमट थेट जोत्यावर पेलला आहे की इमारतीच्या छपरावर चढवला आहे, हे आधी पाहावे. केवळ रंगावर विसंबू नये. संध्याकाळच्या उन्हात दोन्ही घुमट सोनेरी दिसतात.

८. जुने नाव लिहिले तर चालेल का? शहरातली निम्मी नावे बदलली आहेत.

चालेल. लोकांच्या तोंडात असलेले कोणतेही नाव आम्ही ग्राह्य धरतो, मग ते आजच्या फलकावर असो वा नसो. एकाच तलावाला कोणी शुक्रवारी तलाव, कोणी जुम्मा तलाव आणि कोणी गांधीसागर म्हणते. तिन्ही बरोबर आहेत. जुम्मा दरवाजा आणि गांधीगेट ही एकच वास्तू आहे. तेलंगखेडी तलाव म्हणजे फुटाळा. मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे आहे. ‘अजब बंगला’ असे लिहिले तरी पूर्ण गुण मिळतील, कारण ऑटोवाल्याला तेच नाव कळते. रिझर्व्ह बँक चौक आणि संविधान चौक, मेयो आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, व्हीआरसीई आणि व्हीएनआयटी, मॉरिस कॉलेज आणि वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या जोड्यांनाही हाच नियम लागू आहे.

दोन अपवाद आहेत. एक, जुने नाव आता दुसऱ्याच जागेला लागले असेल तर जागा स्पष्ट करणारा एक शब्द जोडावा. दोन, छायाचित्रात नावाचा फलकच दिसत असेल तर फलकावरचे नाव उतरवून काढण्याला नावाचे गुण नाहीत. तेव्हा फक्त भाग आणि खूण यांचे गुण मोजले जातात.

९. ‘बर्डी’ किंवा ‘सदरचे चर्च’ एवढे उत्तर पुरेसे आहे का?

नाही. बर्डी हा संपूर्ण परिसर आहे, आणि सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल व सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल अशी दोन मोठी चर्च आहेत. पत्ता विचारणाऱ्याला नेमक्या दारापर्यंत नेता येईल, एवढे उत्तर स्पष्ट असावे.

१०. उत्तर येत नसेल तर मदत मिळते का?

बुधवारी एक सूचना दिली जाते. ती बहुधा परिसराबद्दल असते. सूचनेनंतर आलेल्या उत्तराचा एक गुण कमी होतो.

११. मोबाइलवर छायाचित्र शोधून उत्तर दिले तर ती फसवणूक ठरते का?

तसे कोणी केले आहे की नाही, हे आम्ही तपासत नाही. छायाचित्र-शोधाचे अॅप वास्तूचे नाव सांगेल. पण कठड्याच्या तिसऱ्या खांबाला तडा आहे आणि तो सिमेंटने बुजवला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. खुणेला नावाइतकेच गुण असण्यामागे हेही एक कारण आहे. मात्र आधीच्या आठवड्यातील एखाद्याचे खुणेचे वाक्य जसेच्या तसे उचलल्याचे दिसले, तर त्या उत्तराला शून्य गुण दिले जातात.

१२. मी स्वतः काढलेले छायाचित्र पाठवू शकतो का?

अवश्य पाठवावे. छायाचित्र स्वतः काढलेले असावे, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने काहीही घातलेले किंवा पुसलेले नसावे, आणि उजवे-डावे उलटवलेले नसावे. कातरलेल्या छायाचित्रासोबत त्याच जागेचे पूर्ण छायाचित्रही पाठवावे, म्हणजे शनिवारी उत्तरासोबत ते दाखवता येते. ओळखू येतील असे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक असतील तर आम्ही ते छायाचित्र वापरत नाही. कोठे छायाचित्र काढू नये, हे प्रश्न १३ मध्ये पाहावे.

१३. कोणत्या ठिकाणांची छायाचित्रे तुम्ही स्वीकारत नाही?

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात जी लढाई झाली, ती याच दोन टेकड्यांवर झाली, त्यामुळे किल्ल्याबद्दल कुतूहल असणे स्वाभाविक आहे. तो सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी खुला ठेवण्याची प्रथा आहे. त्या दिवशीही तेथील जवानांनी सांगितले तेवढेच करावे. किल्ल्याच्या आतील भागाचे छायाचित्र आम्ही कोणत्याही परिस्थितीत वापरत नाही.

वायुसेनानगर, विमानतळाचा सुरक्षित भाग, मध्यवर्ती कारागृह आणि न्यायालयांचे अंतर्भाग यांनाही हाच नियम लागू आहे. ड्रोनने काढलेली छायाचित्रे आम्ही सरसकट नाकारतो. ड्रोन नियम २०२१ नुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग आहेत, आणि शहरात विमानतळ व हवाई दलाची ठाणी असल्यामुळे परवानगी कोठे लागते हे प्रत्येक वेळी तपासणे आम्हाला शक्य नाही. देवळे, मशिदी, दर्गे, चर्च, गुरुद्वारे आणि विहारे यांची बाहेरून काढलेली छायाचित्रे चालतात; गाभाऱ्याची किंवा प्रार्थनेला बसलेल्या माणसांची चालत नाहीत.

१४. इमारतीचे छायाचित्र प्रसिद्ध करायला वास्तुविशारदाची परवानगी लागते का? जुनी छायाचित्रे वापरता येतात का?

वास्तुविशारदाची परवानगी लागत नाही. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरत नाही, आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पांनाही अशीच सवलत आहे. छायाचित्रावर मात्र छायाचित्रकाराचा हक्क असतो. छायाचित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा प्रताधिकार त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे आजोबांच्या संग्रहातला जुना फोटो पाठवताना तो कोणी काढला आणि तो कधी छापला गेला होता का, हे कळवावे. घरच्याच माणसाने काढलेला असेल तर त्यांची संमती पुरते.

१५. आता अस्तित्वात नसलेल्या वास्तूही विचारता का?

विचारतो, पण तसे आधी सांगतो. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि अनेक पिढ्यांचा संसार तिच्या भोंग्यावर चालला. आज त्या जमिनीवर एम्प्रेस सिटी उभी आहे. रेल्वे स्थानकासमोर, टेकडी गणपतीजवळ असलेला उड्डाणपूलही पाडला गेला, त्यामुळे त्या बाजूची अगदी अलीकडची छायाचित्रेसुद्धा आता जुनी वाटतात. अशा छायाचित्रांत वास्तूचे नाव आणि आज त्या जागी काय आहे, या दोन्हींचे मिळून दोन गुण असतात. गिरणीत काम केलेल्या किंवा त्या पुलाखाली दुकान असलेल्या घरांतून येणारी उत्तरे आम्ही फार आस्थेने वाचतो, आणि शक्य तेथे त्यांची माहिती शनिवारच्या उत्तरात जोडतो.

१६. शहराची हद्द कोठपर्यंत धरता?

महापालिकेची हद्द, आणि तिच्या जोडीला कामठी, कोराडी व जामठा. म्हणून कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि जामठ्याचे क्रिकेट स्टेडियम खेळात येतात. रामटेक येत नाही. तेथे इतक्या वास्तू आहेत की त्या गावाचा स्वतंत्र खेळ व्हायला हवा.

१७. मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूल हे काय ओळखण्यासारखे आहेत का?

आहेत. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची दुमजली रचना आहे. गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो अशा चार पातळ्या एकावर एक येतात. स्थानकाजवळचा रामझुला दोरखंडांसारख्या पोलादी तारांवर पेललेला आहे. आपल्या नातवंडांना नागपूर याच खुणांनी आठवणार आहे, त्यामुळे केवळ जुने तेच पाहण्याजोगे असे आम्ही मानत नाही. कस्तुरचंद पार्कजवळ मात्र सावध राहावे : मैदानातला जुना मंडप वेगळा, आणि जुन्या वास्तूंच्या धाटणीचा दर्शनी भाग असलेले मेट्रो स्थानक वेगळे.

१८. ‘शून्य मैल हा भारताचा मध्यबिंदू आहे’ असे मी खुणेत लिहिले. ते का कापले?

खूण डोळ्यांना दिसणारी असावी, हे एक कारण. दुसरे असे की ते विधान आजच्या भारताला लागू होत नाही. फाळणीनंतर देशाचा आकार बदलला, आणि आजचा भौमितिक मध्य मध्य प्रदेशात येतो. अखंड भारताच्या मध्याशी नागपूरचे नाव जोडण्याची परंपरा जुनी आहे, तिचा उल्लेख परंपरा म्हणून जरूर करावा. त्या दगडाचे स्वतःचे महत्त्व त्याहून नेमके आहे : त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातील १९०७ चे ते प्रमाण तलचिन्ह आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठीचा आधार. दगडाचा खरा मान त्या मोजणीत आहे, असे आम्हाला वाटते.

१९. एका छायाचित्रात दोन वास्तू असल्या तर कोणती सांगायची?

जी स्पष्ट आणि पुढे आहे ती. गांधीसागराच्या काठावरून घेतलेल्या छायाचित्रात मागे रमण विज्ञान केंद्र दिसू शकते, पण पुढे घाटाच्या पायऱ्या ठळक असतील तर उत्तर तलावाचे धरले जाते. दोन्ही वास्तू सारख्याच ठळक असतील आणि खूण पटणारी असेल, तर दोन्ही उत्तरांना गुण मिळतात. शनिवारच्या निकालावर आक्षेप असेल तर तो पुढच्या बुधवारपर्यंत कारणासह कळवावा. त्या जागी जाऊन काढलेले छायाचित्र सोबत असेल तर निर्णय लवकर होतो.

२०. महालातला एक वाडा मी ओळखला, पण तेथे लोक राहतात. नाव लिहू का?

राहत्या घराच्या बाबतीत कुटुंबाचे नाव किंवा घराचा क्रमांक लिहू नये. ‘महाल, अमुक मंदिरामागचा वाडा’ एवढे उत्तर पूर्ण धरले जाते. वाड्याचे छायाचित्र पाठवायचे असेल तर घरच्यांना विचारून, रस्त्यावरूनच काढावे. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून आत शिरू नये. त्या घरातील कोणी नंतर हरकत घेतली, तर छायाचित्र त्याच दिवशी काढून टाकले जाते आणि त्या आठवड्याचे मिळालेले गुण तसेच राहतात. मालकांनी स्वतःहून वाड्याची माहिती द्यायची तयारी दाखवली, तर त्यांनी कळवावे. चौकातल्या खांबांची आणि तुळयांवरच्या कोरीव कामाची छायाचित्रे काढण्यासाठी आम्ही त्यांच्या सोयीच्या वेळी येऊ.